सात एकरांत सेलू

मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन बघणाऱ्यांसाठी साडेदहाला सुरू होतं, मांडणाऱ्यांसाठी पहाटेच. आमचं देवगाव फाटा हे जालना–मंठा–जिंतूर रस्त्यावरचं ठिकाण. सेलूकडे जाणारा रस्ता इथंच फुटतो. इथं रूळ नाहीत. गाडी धरायची तर सेलू गाठावं लागतं. म्हणून आमच्या छोट्या छंदमंडळानं बांधलं ते सेलूचंच स्टेशन, आणि तेही मीटरगेजच्या, वाफेच्या इंजिनाच्या दिवसांतलं. मंडळात मोजकी माणसं आहेत: मी मोटार वायंडिंगचा दुकानदार, गणिताचे सर, सुतारमामा, रेल्वेतून निवृत्त झालेले सांधेवाले काका आणि नववीतली एक मुलगी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो. जानेवारीतल्या प्रदर्शनाच्या एका दिवसाची ही हकिगत.

पहाटे 5

दुकानाच्या मागच्या खोलीचं कुलूप काढायचं आणि फळ्या बाहेर घ्यायच्या, हे पहिलं काम. एरवी या खोलीत पाच एचपीच्या मोटारी उघड्या पडलेल्या असतात. रब्बीचे दिवस आहेत. जळालेली मोटार घेऊन शेतकरी येतो तेव्हा त्याचं पाणी थांबलेलं असतं. त्याला उद्या या असं सांगता येत नाही. म्हणून हातातली कामं रात्रीच उरकली.

आमचं स्टेशन चार फळ्यांवर आहे. प्रत्येक फळी 4 फूट लांब आणि अडीच फूट रुंद. खाली लाकडी पट्ट्यांची चौकट, वर प्लाय, त्यावर फोमचा थर. दोन माणसांना उचलता यावी, छोट्या हत्तीत आडवी बसावी, शाळेच्या दारातून आत जावी, या तीन अटींवर फळीचं माप ठरलं, आणि फळीच्या मापावर स्टेशन बेतलं. दोन फळ्यांच्या मध्ये गोधडी घालतो. इंजिनं आणि डबे पेटीत जातात, एकेक नग धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळून. ही पेटी गाडीच्या हौद्यात ठेवत नाही. सर ती मांडीवर घेऊन बसतात.

सकाळी 6:30

शाळेच्या हॉलमध्ये थंडी साचलेली आहे. सुतारमामा आधी पाय उभे करतात आणि पाण्याचा लेव्हल लावतात. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या फरशीला दाराकडे उतार असतो, झाडताना पाणी वाहून जावं म्हणून दिलेला. माणसाला तो कळत नाही, पण आमच्या मालगाडीचे सुटे डबे त्यावर आपोआप चालू लागतात. पायाखाली पाचर सरकवून एकेक कोपरा उचलला जातो. मामांनी हात वर केल्याशिवाय पुढचं काम सुरू होत नाही.

मग फळ्यांचे सांधे जुळवायचे. चौकटीतल्या पितळी खुंट्या समोरच्या भोकांत बसल्या की बोल्ट आवळायचे. फळीच्या काठावर रुळाची टोकं पितळी स्क्रूला डाग देऊन पक्की केलेली आहेत, कारण सगळा मार तिथंच बसतो. अर्ध्या मिलिमीटरची चूकही चालत नाही. आमच्या रुळांमधलं अंतरच मुळी 12 मिलिमीटर आहे.

हा 12 चा आकडा कुठून आला, ते सांगायला हवं, कारण सगळं मॉडेल त्यावर उभं आहे. जगात सर्वांत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ: खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. एका फुटाला साडेतीन मिलिमीटर धरले की हेच प्रमाण येतं. मीटरगेज म्हणजे 1000 मिलिमीटर. त्याला 87 नं भागलं की साडेअकरा येतात, आणि बाजारात त्याला जवळचा तयार रूळ 12 चा मिळतो. ब्रॉडगेजची गोष्ट वेगळी. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचं. त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटरचा रूळ हवा. पण एचओचा सरसकट मिळणारा रूळ 16.5 चा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटर गेजसाठी बनलेला आहे. त्यावर भारतीय ब्रॉडगेजचा डबा ठेवला की तो रुंद छातीचा आणि बारक्या पायांचा दिसतो. मराठवाड्याच्या जुन्या मीटरगेजला मात्र 12 चा रूळ जवळजवळ तंतोतंत बसतो. जुनं सेलू निवडण्यामागं आठवणी होत्याच, पण गणितही होतं.

सकाळी 7:30

आता वीज, म्हणजे माझं खातं. शाळेच्या प्लगवर आम्ही गाडी चालवत नाही. व्होल्टेज वरखाली होतं आणि वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. घरोघरी इन्व्हर्टरची जी बॅटरी असते ती 12 व्होल्टची, आणि मॉडेलच्या इंजिनालाही 12 व्होल्टच लागतात. इंजिनाची भूक अर्ध्या अँपिअरच्या आत असते, म्हणून भरलेली बॅटरी दिवसभर पुरून उरते. धोका वेगळाच आहे. दोन रुळांवर चुकून पकड पडली तर ही बॅटरी क्षणात इतका करंट ओतेल की तार लाल होऊन फोम पेटेल. म्हणून बॅटरीच्या तोंडाशीच 2 अँपिअरचा फ्यूज. तो आधी तपासायचा, मग बाकीचं.

गाडी चालते ती साध्या युक्तीनं. एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण. चाकांतून करंट मोटारीत जातो. धन-ऋणाची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. माझ्या दुकानातली पंपाची मोटार आणि ही बोटभर मोटार, दोघींची कुळं वेगळी. तिच्यात फिरतं चुंबकीय क्षेत्र रोटरला ओढत नेतं. हिच्यात कायमचं चुंबक आहे आणि कार्बनचे ब्रश. पण तांब्याची तार दोन्हींत सारखीच आहे, आणि तारेचा वेढा सैल पडला की दोन्ही सारख्याच रुसतात. गाडी हळू चालवायची तर व्होल्टेज कमी करून भागत नाही, ती अडखळते. करंट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा आणि चालू राहण्याचा वेळ कमीजास्त करायचा. मग इंजिन मुंगीच्या पावलानं निघतं.

तारांच्या या जंजाळाला मोठा वारसा आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 1946 साली विद्यार्थ्यांनी मॉडेल रेल्वेचं मंडळ काढलं. टेलिफोनचे जुने रिले वापरून त्यांनी सांधे आणि सिग्नल चालवले. फळीखालच्या या कामात तरबेज झालेली तिथलीच पोरं पुढं संगणकाकडे वळली, आणि जगातल्या पहिल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्या हौशी पिढीत त्यांची गणना होते. आमची ताई सध्या एका चिमुकल्या सर्व्हो मोटारीला सिग्नलचा हात किती अंश झुकवायचा ते शिकवते आहे. तिचं काम त्याच घराण्यातलं.

सकाळी 8:30

रूळ पुसायचे. मॉडेल रेल्वेचा पहिला शत्रू धूळ, आणि आमच्या रस्त्यावर ती कमी नाही. रुळाच्या माथ्यावर काळा थर बसला की करंट चाकापर्यंत पोचत नाही. पॉलिश पेपर मारला की रूळ चकाकतो, पण त्यावर बारीक ओरखडे उठतात आणि पुढच्या वेळी मळ त्यांतच घट्ट बसतो. म्हणून सुती कापड, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धीर. सोळा फुटांचा मुख्य मार्ग, त्याला समांतर लूप, मालधक्क्याची बाजूची लाइन: सगळं हातानं. नंतर इंजिन पालथं घालून एकेक चाक.

सकाळी 9:30

शिवाराची मशागत. प्रवासात झाडं वाकतात, विजेच्या तारा निसटतात, एखादा हमाल धक्क्यावरून पडलेला असतो. तो हमाल दोन सेंटिमीटरहून थोडा कमी उंचीचा. साडेपाच फुटी माणसाचा सत्त्याऐंशीवा भाग तेवढाच होतो.

आमची जमीन रंगाची नाही, मातीची आहे. फाट्याजवळच्या रानातली काळी माती वाळवली, कुटली, मलमलीतून गाळली आणि पातळ फेव्हिकॉलवर पसरली. वाळताना तिला भेगा पडल्या, तशाच ठेवल्या. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतातच. बाभळी तांब्याच्या तारांच्या. मोटारीतून निघालेली जळकी तार पिळून फांद्या केल्या, त्यावर रंगवलेला लाकडाचा भुसा. रानात ज्वारी आहे, तूर आहे, कापूस आहे. सोयाबीन नाही, ते इकडे बरंच नंतर आलं. मालधक्क्यावर कापसाच्या गाठी रचल्या आहेत. प्रेस केलेली पक्की गाठ साधारण 170 किलोची आणि मीटरभर लांब असते, म्हणून आमची 12 मिलिमीटरची.

सरांचा नियम असा, की कुणाला माहीत नसलेली वस्तू अंदाजानं ठेवायची नाही. आधी विचारायचं, मोजायचं, मग करायचं. स्टेशनच्या इमारतीच्या खिडक्या किती, पाण्याची टाकी कुठल्या बाजूला, हे जुनी माणसं एकेक करून सांगत गेली. दोघांचं सांगणं जुळलं तरच ते फळीवर आलं.

सकाळी 10:30

दार उघडतं. पाचवी ते सातवीची पोरं रांगेनं आत येतात आणि पहिली मागणी ठरलेली असते: जोरात सोडा.

आम्ही जोरात सोडत नाही. ताशी 40 किलोमीटरनं धावणारी पॅसेंजर आमच्या प्रमाणात सेकंदाला 13 सेंटिमीटरही कापत नाही. सोळा फूट पार करायला तिला 38 सेकंद लागतात. सर घड्याळ मुलांच्या हातात देतात. पोरं मोजायला लागतात आणि ओरडा आपोआप थांबतो. गाडी स्टेशनात शिरते, थांबते, गार्डाच्या झेंडीची वाट बघते. अंतराला 87 नं भागता येतं, काळाला नाही. गाडीचा थांबा दोन मिनिटांचा असेल तर इथंही ती दोन मिनिटं थांबते, आणि त्या दोन मिनिटांत मुलं फलाटावरची माणसं, हंडे, सायकली बघून घेतात.

खेळ पुढं सुरू होतो तो एकेरी मार्गाचा. पडद्यामागं दोन टोकांना दोन लपलेल्या फळ्या आहेत. जालन्याकडच्या टोकावर सातोना अशी पाटी, परभणीकडच्या टोकावर ढेंगळी पिंपळगाव. दोन्ही सेलूची खरीखुरी शेजारी स्टेशनं. एकाच रुळावरून दोन्हीकडून गाड्या येणार; त्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून काय करायचं? ताई मुलांनाच विचारते. कुणी म्हणतं फोन करायचा, कुणी म्हणतं लाल दिवा. मग ती लोखंडी गोळा दाखवते.

गोळ्याचं टोकन म्हणजे त्या तुकड्याचा परवाना. दोन शेजारी स्टेशनांतली टोकनची यंत्रं तारेनं बांधलेली असतात. एका यंत्रातून एक गोळा बाहेर पडला की तो कुठल्यातरी टोकाला परत आत जाईपर्यंत दोन्ही यंत्रं दुसरा गोळा देत नाहीत. ड्रायव्हरच्या हातात गोळा असेल तरच गाडी सुटायची. आमचा गोळा खऱ्या मापाच्या जवळचा ठेवला आहे, कारण हातात वजन यायला हवं. एक मुलगा सातोन्याला बसतो, एक सेलूला, एक ढेंगळी पिंपळगावला. घंटा वाजवून परवानगी मागायची, घंटेनंच द्यायची. पहिल्या फेरीत गोंधळ होतो. तिसऱ्या फेरीपर्यंत पॅसेंजर लूपमध्ये उभी राहते, मालगाडी शेजारून निघून जाते, आणि कुणी कुणाला ओरडून सांगितलेलं नसतं. त्या पोरांच्या चेहऱ्यावरचं गांभीर्य बघण्यासाठीच मी पहाटे उठतो.

दुपारी 12

आता मोठी माणसं येतात. फाट्यावर बस बदलणारी, बाजाराला निघालेली, पिशव्या खांद्यावर घेतलेली. एक आजोबा बराच वेळ रुळांकडे बघत नाहीत, रानाकडे बघतात.

"मास्तर, हे रान किती हाय?"

सर या प्रश्नाची वाटच बघत असतात. "बाबा, एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. त्याला 87 नं भागा. साडेचार इंच बाय साडेचार इंच."

आजोबा स्वतःचा पंजा फळीवर धरतात. पंजाखाली एक गुंठा झाकला जातो.

"असे चाळीस म्हंजी एकर. मंग समदं मिळून?"

"सात एकराला थोडं कमी. स्टेशन, रूळ, मालधक्का धरून."

"सात एकरात ठेसन बसवलंव," असं म्हणत ते शेजारच्याला बोलावतात, आणि मग दोघं मिळून तुरीच्या ओळी मोजायला लागतात. दोन ओळींतलं अंतर बरोबर आहे की नाही यावर त्यांची चर्चा रंगते. आमच्या कामाची याहून कडक तपासणी होत नाही. ओळी थोड्या दाट आहेत, असा निकाल पडतो. ताई वहीत लिहून घेते.

प्रमाणाचा हा हिशेब लोकांना पटकन कळतो, कारण जमीन मोजण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं असतं. अंतराचं मात्र नवल वाटतं. एक किलोमीटर म्हणजे आमचे साडेअकरा मीटर. दहा किलोमीटर दाखवायचे तर 115 मीटर लांबीचा हॉल हवा. म्हणून मधलं रान सोडून द्यावं लागतं. स्टेशनाचं अंगण तेवढं ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना गाडी दिसेनाशी होऊ द्यायची.

दुपारी 1:30

डबे उघडतात. भाकरी, तुरीच्या सोल्यांची आमटी, ठेचा. जेवताना पुण्याचा विषय निघतो, कारण आम्हा सगळ्यांची सुरुवात कुठंतरी त्या जागेशी जोडलेली आहे.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. 1 एप्रिल 1998 ला ते लोकांसाठी खुलं झालं. त्याआधी, ऐंशीच्या दशकात, त्यांनी गोखले हॉलमध्ये आपलं हलवता येणारं मॉडेल मांडून दाखवलं होतं. प्रत्येक वेळी सगळं उचलायचं, जोडायचं, उतरवायचं हे कष्ट काय असतात ते आज पहाटे आम्ही पुन्हा अनुभवलेत. त्यांनी पुढं कायमची जागा केली आणि तिथं एचओ प्रमाणातलं आख्खं शहर वसवलं: महामार्ग, रोपवे, सर्कस, गाडीत बसून सिनेमा बघायचं मैदान आणि या सगळ्यांतून धावणाऱ्या, सिग्नल पाळणाऱ्या गाड्या. निवेदन सुरू असताना दिवसाची रात्र होते आणि शहरातले दिवे लागतात. आता त्यांचं कुटुंब ते जपतं.

सुतारमामांनी ते बघितलं तेव्हा गाड्यांपेक्षा त्यांचं लक्ष टेबलाच्या बांधणीकडे होतं. सरांना सिग्नलांनी धरून ठेवलं. मला वाटलं ते असं, की एका माणसाच्या छंदातून हजारो मुलांना बघायला मिळेल असं काही तयार होऊ शकतं, तेही आपल्या राज्यात, मराठी घरात. छंद म्हणजे रिकाम्या वेळेचा खेळ, ही समजूत त्या जागेनं मोडली.

दुपारी 3

काकांची वेळ. ते खुर्ची फळीजवळ घेतात आणि लोक त्यांच्याभोवती जमतात.

मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड करत हैदराबादकडे जाणारी ही लाइन निजामाच्या राज्यात विसावं शतक उजाडताना पडली. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे हे तिचं नाव, गेज मीटरचं. ही लाइन ज्या निजाम स्टेट रेल्वेची होती, तिनं 1932 साली मोटारबसही सुरू केल्या, सुरुवातीला 27. म्हणजे फाट्यावर उभं राहून आपण ज्या बसची वाट बघतो, तिच्या पूर्वजांपैकी एक शाखा रेल्वेच्याच घरातली. 1951 मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत मिळाली, 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत आली, आणि नव्वदच्या दशकात मीटरगेज उखडून ब्रॉडगेज झालं.

काका तारखा सांगत नाहीत, काम सांगतात. "मुंबईला जायाचं तर मनमाडला उतराच लागायचं. आपली गाडी अरुंद, त्यांची रुंद. माणसं जिना चढून जायची, पण गाठीला पाय कुठून? समदा माल हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात." सेलूच्या धक्क्यावर भरलेला कापूस मनमाडला पुन्हा उतरायचा, पुन्हा चढायचा. गेज बदललं तेव्हा ही हमाली सुटली, आणि जालना-परभणीचा माणूस डबा न बदलता मुंबईला जाऊ लागला. आमच्या फळीवर जुने दिवस गोड करून दाखवायचे नाहीत, हे काकांनी पहिल्यांदाच बजावलं होतं. म्हणून धक्क्यावरचे हमाल वाकलेले आहेत.

मग सिग्नल. काका ताईला खूण करतात, खांबावरचा आडवा हात खाली झुकतो. "सिग्नल पडला," मागून एक बाई आपसूक म्हणते. त्या काळच्या माणसाला गाडी आल्याचं कळायचं ते असंच. काका विचारतात, तार तुटली तर काय होईल? मुलांना वाटतं हात खाली लोंबकळेल. काका तार काढून दाखवतात. हात झटकन आडवा होतो, म्हणजे गाडीनं थांबायचं. दुसऱ्या टोकाला वजन लावलेलं असतं, ते त्याला धोक्याच्या जागी नेतं. यंत्र बिघडलं तर ते माणसाला वाचवण्याच्या बाजूला बिघडलं पाहिजे, हा रेल्वेचा जुना धडा. मोठ्या यंत्रणेजवळ उभं राहून तो इतका स्पष्ट कधी दिसत नाही. इथं तो एका काडीएवढ्या तारेत दिसतो.

संध्याकाळी 4:30

शहरातून आलेला एक तरुण विचारतो, परदेशी तयार संच मिळतो, घरं-झाडं-डोंगर सगळं येतं, मग एवढी यातायात कशाला?

प्रश्न बरोबर आहे. जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीनं 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातल्या रेल्वेची ठरावीक मापं मांडली. रूळ, गाडी, स्टेशन वेगवेगळं घेऊन वाढवत नेता येऊ लागलं, आणि तिथून हा छंद पद्धतशीर झाला. लंडनला 1910 पासून मॉडेल रेल्वेचं मंडळ आहे. हॅम्बुर्गमध्ये 2001 साली दोन जुळ्या भावांनी, गेरिट आणि फ्रेडरिक ब्राउन यांनी, सुरू केलेलं मिनिआतुर वुंडरलांड आज जगातलं सर्वांत मोठं मानलं जातं. त्या लोकांनी आपापले डोंगर, आपापली स्टेशनं बनवली, म्हणून त्यांचे संच तसे आहेत.

त्यांच्याकडून रूळ घ्यावा, मोटार घ्यावी, शिस्त तर जरूर घ्यावी. पण बर्फाच्या डोंगराखालचं लाल कौलांचं स्टेशन विकत आणून इथं मांडलं असतं, तर आजोबांनी पंजा ठेवून गुंठा मोजला नसता. त्या बाईच्या तोंडून "सिग्नल पडला" निघालं नसतं. आपल्या स्टेशनाचं मॉडेल संचात कधीच मिळणार नाही. ते आपल्यालाच मोजून काढावं लागेल. वायपी जातीचं मीटरगेजचं इंजिन आम्ही तयार चॅसीवर पितळी पत्र्याचं अंग चढवून केलं. डब्याची खरी लांबी साडेएकोणीस मीटर, म्हणून आमचा डबा साडेबावीस सेंटिमीटरला थोडा कमी. रंग विटकरी. तो तरुण वाकून डब्याची खिडकी बघतो आणि तिथले आडवे गज मोजतो. त्याचं उत्तर त्याला मिळालं असावं.

संध्याकाळी 6:30

हॉलचे दिवे मालवतो. दिवसातला शेवटचा खेळ रात्रीचा. स्टेशनच्या खिडकीत पिवळा उजेड, फलाटावर तीन कंदील, सिग्नलच्या खांबावर एकेक ठिपका. या ठिपक्यांवर काकांनी आम्हाला पुष्कळ छळलं. सिग्नलच्या हिरव्या काचेचा रंग खरं तर निळसर असायचा. आत रॉकेलची पिवळी ज्योत; पिवळा उजेड निळसर काचेतून गेला की बाहेर हिरवा दिसतो. पांढऱ्या एलईडीपुढं तीच काच लावली की निळं दिसू लागलं. मग दिवा पिवळसर घेतला, तेव्हा काका म्हणाले, "हां, आता हिरवा झाला."

मुख्य कार्यक्रम म्हणजे अजिंठा एक्सप्रेस. काचीगुडा–मनमाड धावणारी ही मीटरगेजची नावाजलेली गाडी. पॅसेंजर लूपमध्ये थांबते, तिचे दिवे दिसतात, आणि एक्सप्रेस मुख्य मार्गावरून निघून जाते. गोळा हातात घेऊन उभा असलेला आमचा दोन सेंटिमीटरचा सांधेवाला काही हलत नाही. तो हात वर करून उभाच आहे. काकांनी त्याची उभं राहण्याची ढब तीनदा बदलायला लावली होती. धावत्या इंजिनाकडे तोंड, एक पाय मागं, कोपर सैल. कोपर ताठ ठेवलं तर वेगात आलेली, टोकनचा गोळा अडकवलेली कडी हाताला हिसका देते, हे पुस्तकात वाचून आम्हाला कळलं नसतं.

रात्री 8

उतरवणी. लावलं त्याच्या उलट क्रमानं. आधी बॅटरी सोडायची, मग गाड्या पेटीत, मग तारांचे जोड. प्रत्येक जोडाला रंगाची चिकटपट्टी आहे. बोल्ट एका डबीत मोजून. सुतारमामा पाचरी गोळा करतात. मुलांपैकी काही जण थांबलेले असतात. त्यांच्या हाती गोधड्या दिल्या जातात. फळी उचलताना कुणी बोलत नाही, फक्त मामा "चला" म्हणतात.

रात्री 9:30

दुकानात बसून वहीचं काम. तुरीच्या ओळी विरळ करायच्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीच्या जोडावर इंजिनाचा दिवा मिचकावतो, तिथला डाग पुन्हा मारायचा. एका बाईंनी सांगितलं की स्टेशनाबाहेर टांगे उभे असत. दुसऱ्या कुणाकडून खात्री करून घ्यायची. ताईनं सातोन्याच्या घंटेचा आवाज सेलूच्या घंटेपेक्षा वेगळा हवा असं सुचवलंय, म्हणजे पाठ फिरलेली असली तरी कुठून बोलावणं आलं ते कळेल. सूचना मान्य.

सरांनी आज प्रदर्शनाला आलेल्या वर्गाला गृहपाठ दिला आहे. आपल्या घराचं दार, विहिरीचा काठ, बैलगाडीचं चाक, फाट्यावरच्या थांब्याचं छप्पर, यांतलं एक टेपनं मोजायचं, 87 नं भागायचं आणि पुठ्ठ्याचं करून आणायचं. ज्याचं माप बरोबर येईल त्याची वस्तू फळीवर बसणार. मालधक्क्याच्या मागची जागा त्यासाठी मोकळी ठेवली आहे. या छंदाला पैसा लागतो हे खरं, पण तो इंजिनाला लागतो. स्टेशनाला लागतो तो टेप, पेन्सिल, आणि जुन्या माणसाशेजारी बसायची तयारी. परभणी जिल्ह्यात, सगळ्या मराठवाड्यात, अशी कितीतरी स्टेशनं आहेत ज्यांचं मीटरगेजचं रूप आता फक्त काही वयस्कर माणसांच्या डोक्यात उरलं आहे. त्यांनी सांगितलेलं माप आज घेतलं नाही, तर उद्या कितीही महागडा संच आणला तरी ते भरून निघणार नाही. कुठल्याही शाळेनं, कुठल्याही चार माणसांनी आपल्या जवळच्या स्टेशनापासून सुरुवात करावी. आमच्या फळ्यांची मापं, तारांचे नकाशे, सगळं त्यांना द्यायला आम्ही तयार आहोत.